नाक्यावर बेस बांधला, तरी शत्रू घरात कसा?

मागच्या अंकात स्पेस स्ट्रॅटेजी गेम्सबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. पत्रं आली भरपूर, पण निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याची: चोकपॉइंटवर, म्हणजे शत्रूला यावंच लागेल अशा अरुंद नाक्यावर, स्टारबेस (अवकाशातला किल्ला) बांधला, पैसा ओतला आणि तरी मार खाल्ला. बहुतेकांचा गेम स्टेलारिस (आकाशगंगेत आपलं साम्राज्य, म्हणजे एम्पायर, उभारायचा) आहे, त्यामुळे उत्तरंही जास्त त्याच्याभोवतीच फिरतील. बाकीच्यांनी रागवू नका, तुमचेही दोन-तीन घेतलेत.

प्रश्न: ताई, माझ्या एम्पायरमध्ये शिरायला एकच हायपरलेन (ताऱ्याताऱ्यांमधला ठरलेला रस्ता) आहे. तिथला स्टारबेस सिटाडेलपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत, नेला, भोवती डिफेन्स प्लॅटफॉर्म (तोफांचे तळ) भरले, वर्षानुवर्षांचे अलॉय (जहाजं आणि बेस बांधायचा धातू) त्यातच घातले. शेजाऱ्याने युद्ध पुकारलं, तीन फ्लीट (लढाऊ जहाजांचे ताफे) एकदम घेऊन आला आणि बेस पडला. माझी फ्लीट तेव्हा दुसऱ्या टोकाला एका स्पेस मॉन्स्टरच्या मागे होती. मग एवढा खर्च करून बेस बांधण्यात अर्थ काय? — पिंपरी-चिंचवड

उत्तर: तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य ते मॉन्स्टरवालं आहे, बाकी सगळं तुम्ही ठीकच केलंय. बेस एकट्याने युद्ध जिंकेल असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच घोळ होतो, कारण जागा तुम्ही निवडली असली तरी वेळ हल्ला करणाऱ्याच्या हातात असते, आणि ज्याच्या हातात वेळ असते तो सगळी जहाजं एका ठिकाणी गोळा करूनच येणार ना, दोन-दोन करून मरायला कशाला येईल.

थोडं गणित करू. समजा सगळी जहाजं एकसारखी आहेत. शत्रूकडे ४५. तुमचा बेस २० जहाजांच्या ताकदीचा आणि तुमची फ्लीट ३० जहाजांची. बेरीज ५०, म्हणजे कागदावर तुम्ही पुढे. पण फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनीअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात जे सूत्र मांडलं त्यात ताकद संख्येच्या वर्गाने मोजतात, कारण जास्त जहाजं म्हणजे जास्त तोफा आणि शिवाय समोरच्याच्या तोफा लवकर बंद. आता ४५ चा वर्ग २०२५, बेसचा ४००. वजा केले की १६२५ उरतात, म्हणजे बेस पाडूनसुद्धा शत्रूची ४० जहाजं शिल्लक. मग तुमची फ्लीट धापा टाकत येते, तिचा वर्ग ९००, उरले ७२५, म्हणजे तीही संपली आणि शत्रूकडे अजून जवळजवळ २७ जहाजं. आता हेच दोघं एकाच वेळी लढले तर? ५० चा वर्ग २५००, शत्रूचे २०२५ गेले, उरले ४७५. तुम्ही जिंकलात आणि वर साधारण २२ जहाजांची ताकद हातात राहिली. तेच अलॉय, तीच जहाजं, फरक फक्त कोण कधी पोचलं याचा.

गेममध्ये आर्मर असतो, रेंज असते, टेक्नॉलॉजी पुढेमागे असते, त्यामुळे आकडे असेच निघणार नाहीत. पण कल हाच राहतो.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, बेस किती ताकदवान आहे हे बघू नका, तो किती दिवस टिकतो ते बघा, आणि तुमची फ्लीट तेवढ्या दिवसांत तिथे पोचते का ते बघा. फ्लीटला चोकपॉइंटवर जायची ऑर्डर देऊन बघितली की किती दिवस लागतील त्याचा अंदाज येतो. तो आकडा बेसच्या टिकण्यापेक्षा मोठा असेल तर बेसवर अजून एक प्लॅटफॉर्म लावण्याऐवजी फ्लीट जवळ आणा. अगदी बेसच्या डोक्यावर नको. एक-दोन जंप (एका ताऱ्यावरून पुढच्या ताऱ्यावर) मागे, शिपयार्ड असलेल्या सिस्टीममध्ये ठेवा, म्हणजे दुरुस्तीही तिथेच होते आणि दुसऱ्या बाजूला गरज पडली तर वळवताही येते. आणि स्टान्स (फ्लीटने कसं वागायचं ती सेटिंग) पॅसिव्ह ठेवा हो, नाहीतर ती समोर काही दिसलं की स्वतःच धावत सुटते आणि तुम्ही लढाई लागल्यावर शोधत बसता.

बेसला वेळ मिळवून द्यायचे दोन-तीन मार्ग आहेत. एक म्हणजे लांबचं दिसणं. लिसनिंग पोस्ट लावला की शत्रू दारात यायच्या आधीच कळतो आणि फ्लीट तेव्हाच निघते. दुसरं, चोकपॉइंटच्या पलीकडे आपले दोन-तीन आउटपोस्ट (सगळ्यात लहान, अपग्रेड न केलेले स्टारबेस) असू द्या. एआय (कॉम्प्युटर खेळवत असलेला शत्रू) सहसा वाटेतलं प्रत्येक आउटपोस्ट ताब्यात घेत घेत येतो, त्यात त्याचे दिवस जातात. माणूस खेळत असेल तर तो ते सोडून सरळ पुढे येईल, तिथे ही युक्ती चालणार नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे एफटीएल इनहिबिटर, शत्रूचा पुढचा प्रवास रोखणारी यंत्रणा. ही टेक्नॉलॉजी घेतली नसेल तर तुमचा बेस म्हणजे रस्त्याकडेचा टोलनाका आहे, गाडी थोडा मार खाईल पण निघून जाईल. इनहिबिटर असला की आत शिरलेली शत्रूची फ्लीट आली त्याच लेनने परत जाऊ शकते, पुढे नाही, जोपर्यंत बेस उभा आहे तोपर्यंत. साध्या आउटपोस्टला हे नसतं, त्यासाठी स्टारबेस अपग्रेड केलेला लागतो.

आणि बेस पडला म्हणून रडू नका. स्टेलारिसमध्ये प्लॅटफॉर्म फुटतात ते कायमचे जातात, पण स्टारबेस नष्ट होत नाही, शत्रूच्या ताब्यात जातो. परत जिंकून घेता येतो. फक्त लक्षात ठेवा, तुम्ही परत घ्यायला जाल तेव्हा तो तुमच्यावरच गोळीबार करत असतो, त्यामुळे दुरुस्ती व्हायच्या आत जा.

प्रश्न: चोकपॉइंट निवडायचा कसा? मला मॅपवर तीन-चार जागा दिसतात आणि प्रत्येक जागा बरोबर वाटते. स्टारबेस कपॅसिटी (किती स्टारबेस ठेवता येतात ती मर्यादा) मात्र पुरत नाही. — नाशिक

उत्तर: कपॅसिटी पुरत नाही हीच तर गंमत आहे. आउटपोस्ट त्यात मोजले जात नाहीत, पण अपग्रेड केलेला प्रत्येक स्टारबेस मोजला जातो, आणि तुम्हाला शिपयार्डही हवेत, नेव्हल कपॅसिटीसाठी (किती मोठी फ्लीट ठेवता येते ती मर्यादा) स्टारबेसवर अँकरेजही हवेत. म्हणजे सीमेवर बांधलेला प्रत्येक किल्ला हा कुठलातरी अँकरेज खाऊन उभा राहतो, म्हणजेच फ्लीट तेवढी लहान होते. सीमेवर चार बेस आणि आत मरतुकडी फ्लीट असं करू नका. एक पक्का बेस, फारतर दोन.

एक्स्पान्शनच्या वेळीच बघा. सुरुवातीच्या काळात घराजवळचे सिस्टीम भरत बसण्याऐवजी आधी धावत जाऊन तो अरुंद नाका घ्या, मागचं सगळं आपोआप तुमचंच आहे, बॉर्डर बंद असल्या की शेजारी आत येऊन आउटपोस्ट टाकू शकत नाही. मागचं नंतर निवांत भरा. इन्फ्लुअन्स (नवीन जागा घेताना खर्च होणारा साठा) जास्त जातो लांब उडी मारली की, तरी परवडतं.

आता तीन-चार जागांमधून कुठली? माझा क्रम असा. पहिलं, ती जागा तुमच्या शिपयार्डपासून किती लांब आहे. दोन नाके असतील तर दोन्हीकडे सारख्याच वेळात पोचता येईल अशी मधली जागा आधी शोधायची, आणि मग नाके ठरवायचे. लोक उलटं करतात, आधी नाका निवडतात आणि फ्लीट नंतर कुठेतरी ठेवतात. दुसरं, तिथला तारा. पल्सार (वेगाने फिरणारा मृत तारा) मिळाला तर सोडू नका. पल्सारच्या सिस्टीममध्ये सगळ्या जहाजांच्या शील्ड (ऊर्जेचं कवच) शून्य होतात, तुमच्याही आणि त्याच्याही, पण तुम्हाला ते आधीपासून माहीत आहे, तुम्ही प्लॅटफॉर्मवर शील्डची जागा आर्मरने भरून ठेवता, तो मात्र आपल्या नेहमीच्या डिझाइनवर निम्मी जागा फुकट घालवून आत येतो. शील्डवर विसंबलेल्या शत्रूला तर हा सापळाच आहे. तिथेच आर्मर फोडणारी शस्त्रं लावायची, शील्ड फोडणारी लावून उपयोग नाही हे सांगायला नको, पण सांगते कारण लोक ऑटो डिझाइनवर सोडून देतात.

तिसरं, तिथे राहण्यासारखा ग्रह आहे का. हे फार कमी लोक वापरतात. ग्रहावर फोर्ट्रेस (सैनिकांचा किल्ला) बांधला की तोही इनहिबिटरचं काम करतो, म्हणजे स्टारबेस पडला तरी शत्रू पुढे जाऊ शकत नाही, त्याला सहसा आधी ग्रहावर बॉम्बार्डमेंट करावी लागते, मग आर्मी उतरवून जिंकावा लागतो. शिवाय फोर्ट्रेसमधले सोल्जर नेव्हल कपॅसिटीही वाढवतात. ग्रह नसेल तर हॅबिटाट (अवकाशातली वसाहत) बांधून त्यावर फोर्ट्रेस उभे करा, महाग पडतं पण मिडगेमनंतर परवडतं. एका सिटाडेलने जेवढे दिवस मिळतात त्याहून कितीतरी जास्त दिवस एक भरलेला फोर्ट्रेस वर्ल्ड मिळवून देतो, कारण फ्लीट कितीही मोठी असली तरी ती जमिनीवर उतरत नाही. ज्याने सोबत ट्रान्सपोर्ट (आर्मी नेणारी जहाजं) आणलेले नाहीत तो तिथेच लटकतो.

आणि मॅप सेटअपला हायपरलेन डेन्सिटी किती ठेवलीय ते बघा एकदा. ती वाढवलेली असेल तर नाकेच नसतात, सगळीकडून रस्ते, मग हा सगळा सल्ला गुंडाळून ठेवा आणि फ्लीटवरच पैसा घाला.

प्रश्न: ताई मी दहावीत आहे. स्टारबेसवर गन बॅटरी लावू की मिसाइल की हँगर? आणि सगळे सारखे लावू की मिक्स? — अकोला

उत्तर: सगळे एकाच जातीचे लाव, कारण मग त्याला साजेशी बिल्डिंगही लावता येते. गन बॅटरी आणि टार्गेट अपलिंक ही जोडी सोपी आहे, अपलिंकमुळे रेंज वाढते. शत्रू मिसाइल किंवा स्ट्राइक क्राफ्टवर (हँगरमधून सुटणारी छोटी विमानं) जास्त भर देत असेल तर पॉइंट डिफेन्स (ती येता येता पाडणाऱ्या छोट्या तोफा) लागतो, तो प्लॅटफॉर्मवर टाक. स्टारबेसची स्वतःची हत्यारं टेक्नॉलॉजीबरोबर आपोआप सुधारतात पण प्लॅटफॉर्मचं डिझाइन शिप डिझायनरमध्ये तुला स्वतः करता येतं, ते कर. आणि डिसरप्शन फील्ड जनरेटर असला तर शत्रूच्या शील्ड आधीच कमी होतात, तोही चांगला. पल्सारमध्ये सोडून, का ते वरच्या उत्तरात वाच. बाकी परीक्षेनंतर.

प्रश्न: मी मास्टर ऑफ ओरायन २ आणि स्पेस एम्पायर्स ४ च्या काळातला माणूस. तेव्हाचे बेस आठवतात, आताच्या गेममध्ये ती मजा नाही असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं? — फोंडा, गोवा

उत्तर: काका, या दोन गेमना एका वाक्यात बसवू नका, दोघांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

मास्टर ऑफ ओरायन २, म्हणजे १९९६ चा, त्यात लेनच नव्हत्या. इंधनाची रेंज असेल तिथपर्यंत जहाज कुठूनही कुठेही. मग नाका कसला राखणार? त्यातले मिसाइल बेस, स्टार बेस, बॅटलस्टेशन, स्टार फोर्ट्रेस हे सगळं त्या त्या ग्रहापुरतं, प्रत्येक ग्रह आपला आपण सांभाळतो. सीमा नावाचा प्रकार नाही. त्यामुळे बेसचा खर्च ग्रहांच्या संख्येने वाढत जातो आणि मोठ्या साम्राज्याला ते जड जातं.

स्पेस एम्पायर्स ४, २००० सालचा, त्याची गोष्ट वेगळी. वॉर्प पॉइंट म्हणजे खरीखुरी खिंड. त्यावर सुरुंग पेरायचे, सॅटेलाइट सोडायचे, इंजिन नसलेले बेस उभे करायचे. समोरचा माइनस्वीपर न घेता आला की लढाई सुरू व्हायच्या आधीच त्याची जहाजं गळायला लागायची. आणि पुढे टेक्नॉलॉजी आली की वॉर्प पॉइंटच बंद करून टाकता यायचा! राखण्यापेक्षा रस्ताच मिटवून टाकायचा, हे मला अजूनही फार आवडतं. तुम्ही म्हणता ती मजा यातली असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. सुरुंग स्वस्त असायचे आणि समोरच्याला ते साफ करायला वेगळी जहाजं बांधावी लागायची, म्हणजे तुम्ही थोडा खर्च करून त्याला जास्त खर्चात पाडायचात.

पण नवीन गेमला अगदीच नावं ठेवू नका. स्टेलारिस २०१६ मध्ये आला तेव्हा त्यात वॉर्प, वर्महोल आणि हायपरलेन असे प्रवासाचे तीन प्रकार होते आणि प्रत्येक एम्पायर वेगळा प्रकार वापरू शकायचं. बेस होते, फोर्ट्रेससुद्धा बांधता यायचे, पण वॉर्पवाला शेजारी त्यांना वळसा घालून मागे उतरायचा. लोक ते बांधतच नव्हते. मग फेब्रुवारी २०१८ च्या २.० अपडेटमध्ये तेव्हाचे गेम डायरेक्टर मार्टिन अनवार्ड यांच्या टीमने सुरुवातीपासून सगळ्यांना हायपरलेनवरच आणलं, आउटपोस्टपासून सिटाडेलपर्यंतचे स्टारबेसही त्याच अपडेटमधले. बरेच जुने खेळाडू चिडले, स्वातंत्र्य गेलं म्हणून. मला विचाराल तर बरं झालं. ज्या मॅपवर कुठूनही कुठेही जाता येतं तिथे भूगोल उरतच नाही, फक्त बेरीज उरते, कोणाची फ्लीट मोठी.

प्रश्न: आम्ही चार मित्र मल्टिप्लेअर खेळतो. माझा सिटाडेल कोणीच तोडू शकत नव्हतं, मग एकाने जंप ड्राइव्ह (लेन सोडून थेट लांब उडी मारणारं इंजिन) घेतला आणि सरळ माझ्या कॅपिटलजवळ उतरला. हे चीटिंग नाही का? — म्युनिक, जर्मनी

उत्तर: चीटिंग कसलं, तुमचा मित्र हुशार आहे. प्रत्येक स्पेस गेममध्ये भिंतीचं वय ठरलेलं असतं. स्टेलारिसमध्ये जंप ड्राइव्ह, वर्महोल, गेटवे (एका दारातून शिरून लांबच्या दुसऱ्या दारातून निघायचं), क्वांटम कॅटापल्ट असे लेनला बगल देणारे मार्ग एकेक येत जातात आणि तुमचा अभेद्य नाका एक दिवस फक्त एक महागडी इमारत होतो. गेटवेचं त्यातल्या त्यात बरं आहे, तुमच्या हद्दीतला गेटवे युद्धात शत्रूला वापरता येत नाही, त्यामुळे उलट तो तुमच्याच कामाचा. नाक्यावर एक आणि शिपयार्डवर एक गेटवे असला की फ्लीट किती लांब आहे हा प्रश्नच मिटतो. क्रायसिससाठीही (गेमच्या शेवटाकडे येणारं मोठं संकट) हीच सोय लागते, अनबिडन नावाचे त्यातले आक्रमक आकाशगंगेत कुठेही दार उघडून आत येतात, त्यांना तुमचा नाका माहीतच नसतो.

जंप ड्राइव्हवर उतारा आहे. उडी मारून आलेल्या फ्लीटचा काही काळ मारा आणि वेग दोन्ही बरेच कमी झालेले असतात आणि तिला लगेच दुसरी उडीही मारता येत नाही. म्हणजे ती उतरल्यावर लगेचचे जे दिवस आहेत ते तुमचे. त्या दिवसांत तुमची फ्लीट कॅपिटलजवळ असेल तर तुमचा मित्र स्वतः होऊन सापळ्यात आलाय. पण तुमची सगळी फ्लीट सिटाडेलशेजारी उभी असणार, बरोबर ना? मित्राच्या हातात जंप ड्राइव्हची टेक्नॉलॉजी आली असं कळलं की त्याच दिवशी फ्लीट मागे घ्यायची, आणि सिटाडेलवर नवीन खर्च बंद. कॅपिटलच्या स्टारबेसवर शिपयार्डसोबत थोड्या तोफाही ठेवा, म्हणजे उतरणाऱ्याला पहिले काही दिवस अडकवता येईल.

प्रश्न: सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर २ खेळते. ज्या ग्रहावर स्टारबेस बांधला तो आता चोकपॉइंटच राहिला नाही! — बेंगळुरू

उत्तर: हो, कारण त्या गेममध्ये ग्रह फिरतात आणि फेज लेन (ग्रहाग्रहांमधले रस्ते) त्याप्रमाणे बदलतात. पहिल्या भागात, म्हणजे २००८ च्या, मॅप स्थिर होता, आणि २००९ च्या एन्ट्रेंचमेंट या जोडभागात स्टारबेस आले तेव्हा नाक्यावर एक आर्गोनेव्ह (टीईसी या मानवी गटाचा स्टारबेस) ठोकला की निम्मं काम झालं असं वाटायचं. तरी तेव्हाही समोरच्याकडे खास इमारती फोडणारी जहाजं होती, टीईसीचे ऑग्रोव्ह टॉर्पेडोवाले वगैरे, लांबूनच मारायचे.

आता दुसऱ्या भागात बेस बांधायच्या आधी ग्रह पुढे कुठे असतील ते बघून घ्या. सगळ्याच लेन बदलत नाहीत, काही जोड्या बराच काळ टिकतात, पैसा तिथे घाला. थोड्याच काळासाठी नाका असलेल्या जागी मोबाइल फ्लीट पुरते. व्हसारी (गेममधल्या तीन गटांपैकी एक) खेळत असाल तर त्यांचा स्टारबेस ऑर्क्युलस ग्रॅव्हिटी वेलच्या, म्हणजे ग्रहाभोवतीच्या परिसराच्या, आत हळूहळू सरकतो, त्यामुळे नवीन लेन ज्या बाजूला उघडते तिकडे त्याला वेळेत हलवून ठेवता येतं. बाकी दोन गटांना ती सोय नाही, त्यांनी बेस ग्रहाच्या अशा बाजूला बांधायचा की शत्रू कुठूनही आला तरी निदान तुमच्या कारखान्यांपर्यंत जाताना त्याच्या रेंजमधून जावंच लागेल.

प्रश्न: स्टेलारिसमध्ये माझ्या नाक्यापलीकडचा शेजारी मित्र आहे, डिफेन्सिव्ह पॅक्ट आहे. तिथे बेस ठेवू की मोडून कपॅसिटी दुसरीकडे वापरू? — सोलापूर

उत्तर: मोडू नका. तोफांच्या जागी अँकरेज लावा, स्टारबेस तसाच राहू द्या आणि प्लॅटफॉर्म बांधायचे थांबवा. इनहिबिटर बेसबरोबर येतो, त्याला तोफा लागत नाहीत. पॅक्ट मोडला की मॉड्युल परत बदलायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस आधी तुम्हाला कुणकुण लागायला हवी, म्हणून शेजाऱ्याचं तुमच्याबद्दलचं ओपिनियन घसरायला लागलं की बदलायला घ्या, युद्धाची नोटीस यायची वाट बघू नका. आणि त्याला दुसऱ्या कोणी आपला मांडलिक (व्हॅसल) केलं तर मात्र त्याच दिवशी.